कागद एमिलीचा, शब्द एलियटचे : 1131 पत्रांचा गुंता

1 जानेवारी 2026 पासून टी. एस. एलियट या इंग्रजी कवीच्या कविता भारतात कॉपीराइटमधून सुटल्या. एलियट 4 जानेवारी 1965 रोजी गेला. आपला कायदा लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजतो आणि ती 2025 च्या अखेरीस भरली. त्यामुळे ‘दत्त, दयध्वम्, दम्यत’ हा बृहदारण्यक उपनिषदातला उपदेश घेऊन ‘शांतिः शांतिः शांतिः’वर थांबणारी त्याची ‘द वेस्ट लँड’ ही गाजलेली दीर्घकविता आता कुणीही मराठीत आणावी, छापावी, विकावी. मर्ढेकरांवर एलियटची छाया किती, यावर भांडण्यात आपल्याकडे दोन-तीन पिढ्या गेल्या. पुढच्या पिढीला निदान मूळ कविता शेजारी छापून भांडता येईल.

याच एलियटने एमिली हेल या मैत्रिणीला लिहिलेली 1131 पत्रं आहेत. ती साठ वर्षांहून अधिक काळ कुलपात होती, 2020 साली उघडली आणि आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. पण त्यातली दहा पत्रं निवडून मराठीत पुस्तिका काढतो म्हणालात तर परवानगी लागेल. कविता मोकळ्या आणि पत्रं बांधलेली. माणूस एक, मृत्यूची तारीख एक, मग असं का?

हे समजायला आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो : मी तुम्हाला पत्र लिहिलं, तर ते पत्र कोणाचं?

कोण ही एमिली?

एलियट अमेरिकेतल्या सेंट लुइसचा, जन्म 1888. शिकायला हार्वर्डला आला आणि तिथे तत्त्वज्ञानाबरोबर संस्कृतही शिकला. त्याच काळात चुलत-मावस नात्यातल्या एका घरी हौशी नाट्यप्रवेश चालत, तिथे त्याची एमिली हेलशी ओळख झाली. ती त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. आई मानसिक आजाराने कायमची रुग्णालयात, त्यामुळे मामा-मामी किंवा काका-काकू म्हणा, अशा नातलगांकडे वाढलेली. नाटकाची मनापासून आवड. पुढे आयुष्यभर कॉलेजांतून आणि शाळांतून नाट्य आणि वाचिक अभिनय शिकवला.

1914 साली युरोपला निघण्याआधी एलियटने तिला प्रेम असल्याचं सांगितलं. तिच्याकडून तसा प्रतिसाद आला नाही, असं त्याने नंतर लिहून ठेवलं आहे. तो जर्मनीत पोहोचतो न पोहोचतो तोच महायुद्ध सुरू झालं, म्हणून ऑक्सफर्डला गेला आणि 1915 च्या जूनमध्ये व्हिव्हिएन हेग-वुड या इंग्लिश तरुणीशी लग्न करून मोकळा झाला. घरी कुणाला कळायच्या आत. पुढची काही वर्षं लॉइड्स बँकेत नोकरी, मग प्रकाशनसंस्थेत. 1927 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व आणि इंग्लंडच्या चर्चची दीक्षा, दोन्ही एकाच वर्षात. लग्न मात्र सुरुवातीपासून दोघांनाही पिळवटून काढणारं होतं.

1930 साली एमिली इंग्लंडला आली, दोघं पुन्हा भेटले आणि तिथून पत्रांना धरबंध राहिला नाही. तो लंडनमध्ये, ती कधी बोस्टनजवळ, कधी थेट कॅलिफोर्नियात. पत्रं बोटीने जायची. 1930 ते 1957 या काळातली 1131 पत्रं आज मोजून ठेवलेली आहेत आणि त्यातली बरीचशी 1930 च्या दशकातली. सुरुवातीच्याच एका पत्रात त्याने तिला सांगितलं की माझ्या त्या दीर्घकवितेतल्या हायसिंथच्या फुलांच्या ओळी पुन्हा वाच, म्हणजे कळेल. समीक्षक ज्या ‘हायसिंथ गर्ल’वर जवळजवळ शंभर वर्षं तर्क लढवत होते, तिचा पत्ता त्या कागदावर होता.

1933 मध्ये तो व्हिव्हिएनपासून वेगळा झाला. घटस्फोट मात्र घेईना. त्याच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं. एमिलीचे नातलग उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडेन या गावी घर भाड्याने घेत, ती तिथे येई, एलियटही जाई. एकदा दोघं फिरत फिरत जवळच्या बर्न्ट नॉर्टन नावाच्या रिकाम्या वाड्याच्या बागेत गेले. तिथे पाणी नसलेला कोरडा हौद होता. ती बाग, ते गुलाब आणि तो हौद 1936 साली आलेल्या त्याच्या कवितेत जसेच्या तसे आहेत. पुढच्या तीन कविता तिला जोडून झालेलं ‘फोर क्वार्टेट्स’ हे चौकडीचं काव्य ही त्याची सर्वोत्तम निर्मिती असं मानणारे पुष्कळ आहेत. 1948 च्या नोबेलमागेही त्या काव्याचं वजन होतं.

1947 मध्ये व्हिव्हिएन वारली. आता अडसर उरला नव्हता. पण एलियटने एमिलीशी लग्न केलं नाही. दहा वर्षांनी, जानेवारी 1957 मध्ये, त्याने आपली सेक्रेटरी व्हॅलरी फ्लेचर हिच्याशी लग्न केलं. तो 68 वर्षांचा, ती 30 ची. एमिलीशी पत्रव्यवहार तिथे संपला.

एका पत्राचे दोन मालक

बँकेचा लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. आपली किल्ली कितीही फिरवली तरी बँकेची लागल्याशिवाय दार उघडत नाही. पत्राचंही तसंच आहे. ज्याला पत्र आलं तो कागदाचा मालक. ज्याने लिहिलं तो शब्दांचा मालक. शब्दांवरच्या या मालकीला कॉपीराइट म्हणतात : मजकूर छापण्याचा, प्रती काढण्याचा, भाषांतर करण्याचा, त्यावर नाटक-सिनेमा बेतण्याचा हक्क. पत्र पोस्टात टाकलं की कागद हातचा जातो, हा हक्क जात नाही.

म्हणजे एमिलीला काय करता येत होतं? पत्रं कपाटात ठेवता येत होती. मैत्रिणीला दाखवता येत होती. विकता, दान करता, फाडता, जाळता येत होती. छापता येत नव्हती. एलियटला नेमकं उलट : छापण्याचा हक्क त्याचा, पण तिच्या कपाटातलं एकही पत्र त्याला मागून घेता येत नव्हतं. तिने नाही म्हटलं असतं तर स्वतःच लिहिलेली ओळ पुन्हा वाचणंही त्याला शक्य नव्हतं.

ही वाटणी काही आजची नाही. 1741 मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोप या कवीने एडमंड कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्याला कोर्टात खेचलं. कर्लने पोपची आणि जोनाथन स्विफ्टची पत्रं न विचारता छापली होती. कर्लची बाजू अशी की पत्र पाठवलं म्हणजे देऊन टाकलं, भेटवस्तूसारखं. न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी ते मानलं नाही. पत्र मिळणाऱ्याकडे फार तर कागदाची मालकी जाते, ते जगासमोर मांडण्याची मुभा त्याला मिळत नाही, असा निकाल त्यांनी दिला. (गंमत अशी की त्याआधी सहा वर्षं याच पोपने आपली पत्रं कर्लच्या हाती पडतील अशी गुपचूप व्यवस्था केली होती. छापली गेली की ओरडायला मोकळा! प्रसिद्धीचं हे तंत्र तेव्हापासूनचं आहे.) इंग्लंड, अमेरिका आणि भारत, तिन्हीकडचे कायदे आजही हाच फरक धरून चालतात.

साठ वर्षं कुलूप कशासाठी?

एमिलीने 1956 साली आपल्याकडची सगळी पत्रं प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. अट एक : दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर 50 वर्षांनीच ती उघडायची. ग्रंथालयांना असे देणगीदार नवे नसतात. देणारा मुदत घालतो, घेणारी संस्था ती लिहून मान्य करते आणि मग कुलगुरूंनी मागितलं तरी खोका उघडत नाही. हाच शब्द संस्थेने एकदा मोडला तर पुढचा माणूस कागद देण्याऐवजी काडी लावेल, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

एलियट 1965 मध्ये गेला, एमिली 12 ऑक्टोबर 1969 रोजी. पन्नास वर्षं 2019 च्या ऑक्टोबरमध्ये भरली. तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेले लाकडी खोके तेव्हा उघडून पत्रांची यादी करण्यात आली आणि 2 जानेवारी 2020 रोजी ती अभ्यासकांना खुली झाली.

इतकी वर्षं लपवायचं तर ठेवायची तरी कशाला, असं कुणी म्हणेल. जाळून टाकली की प्रश्न मिटला. पण मुदत ही तडजोड असते. ज्यांना दुखावण्याची भीती आहे ती माणसं तोवर नसतात, आणि घडलेलं पुसलंही जात नाही. एमिलीने स्वतःचा उल्लेख पुसू दिला नाही, हे तिचं आयुष्यातलं सर्वात धाडसी काम असावं. कवीची बायको नाही, अधिकृत कुणीच नाही, पोरीबाळींना नाटक शिकवणारी एक शिक्षिका. हातात होते ते फक्त कागद.

मग तिची पत्रं कुठे आहेत?

जाळली. एलियटने.

एमिलीनेही त्याला शेकड्यांनी पत्रं लिहिली असणार. एलियटने ती आपल्या एका सहकाऱ्याला नष्ट करायला सांगितली आणि त्याने ती केली, हे खुद्द एलियटनेच लिहून ठेवलं आहे. हाताच्या बोटांवर मोजावेत असे तुकडे तेवढे वाचले.

इथे बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की हा गुन्हा नाही का? दुसऱ्याचं लिखाण जाळलं की. तर नाही. एमिलीच्या पत्रांतले शब्द तिचे होते, पण कागद त्याचा होता. कागदाच्या मालकाला कागद नष्ट करण्याचा हक्क आहे. शब्दांच्या मालकाला छापू नका म्हणता येतं, जपून ठेवा म्हणता येत नाही. आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे : ज्या नियमाने एमिलीला त्याची पत्रं प्रिन्स्टनला देता आली, त्याच नियमाने त्याला तिची जाळता आली. कायद्याने दोघांना अगदी सारखं माप दिलं. एकीने ते जपायला वापरलं, दुसऱ्याने संपवायला. परिणामी 27 वर्षांच्या संवादातली एकच बाजू आपल्याला ऐकू येते आणि ती ज्याचा आवाज आधीच जगभर ऐकू जात होता त्याची.

मराठी वाचकाला इथे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. जीए धारवाडला, माणसांपासून लांब, आणि पत्रांतून मात्र दिलखुलास. तिथे जीएंची सुनीताबाईंना गेलेली पत्रं छापली गेली आणि सुनीताबाईंनी जीएंना लिहिलेलीही. एखादं पत्र वाचून ‘यावर त्या काय म्हणाल्या असतील’ असं वाटलं तर दुसरं पुस्तक उघडता येतं. एलियट-एमिलीच्या बाबतीत तिथे भिंत लागते. त्याच्या पत्रात ‘तू म्हणतेस ते बरोबर आहे’ असं आलं की ती काय म्हणाली होती याचा अंदाजच बांधायचा.

तरी एमिलीचा आवाज अगदीच गेलेला नाही, आणि त्यामागेही कागदाचाच नियम आहे. तिने इतरांना लिहिलेली पत्रं एलियटच्या हातात नव्हती. 1947 च्या ऑगस्टमध्ये एका मैत्रिणीला तिने कळवलं की त्याचं माझ्यावर प्रेम आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण सामान्य माणसांसारखं लग्नात पुरं होणारं ते नाही. तो कागद मैत्रिणीकडे होता, म्हणून राहिला. शिवाय प्रिन्स्टनच्या खोक्यांबरोबर एमिलीने आपली बाजू सांगणारं छोटंसं टिपणही ठेवलं होतं. मोजकी पानं. कुठे आदळआपट नाही.

एकाच दिवशी दोन एलियट

2 जानेवारी 2020 ला आणखी एक गोष्ट झाली. हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयाने एलियटचं एक निवेदन प्रसिद्ध केलं. एमिलीने पत्रं प्रिन्स्टनला दिल्याचं कळल्यावर त्याने नोव्हेंबर 1960 मध्ये ते लिहिलं आणि बजावलं की ती पत्रं ज्या दिवशी उघडतील त्याच दिवशी हेही उघडा. मेल्यानंतर पंचावन्न वर्षांनी दिलेलं उत्तर म्हणायचं.

त्यात तो काय म्हणतो? एमिलीशी लग्न झालं असतं तर माझ्यातला कवी मेला असता. व्हिव्हिएनने मला जवळजवळ संपवलं, पण कवीला जिवंत ठेवलं. एमिलीवरचं प्रेम म्हणजे एका भुताचं दुसऱ्या भुतावरचं प्रेम होतं आणि ती पत्रं भ्रमात असलेल्या माणसाने लिहिली. तिला कवितेची फारशी जाण नव्हती. आमचे शरीरसंबंध कधीच नव्हते.

त्याच दिवशी प्रिन्स्टनच्या वाचनकक्षात बसलेल्या अभ्यासकांसमोर मात्र वेगळाच माणूस होता. तिच्या पत्राची वाट पाहणारा, तिच्यामुळे आपल्या जगण्याला अर्थ आहे असं पुन्हा पुन्हा लिहिणारा, आपल्या ओळींमध्ये ती कुठे आहे हे दाखवून देणारा.

मग खरा कोणता? उत्तर द्यायचा मोह आवरला पाहिजे, पण पुरावा कसा तोलायचा हे सांगता येतं. पत्र ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसाचं असतं. उद्या काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, आणि वाचणारी एकच व्यक्ती डोळ्यांसमोर असते. निवेदन हे मागाहून, शेवट ठाऊक झाल्यावर, साऱ्या जगाला उद्देशून लिहिलेलं. शिवाय ते लिहिताना शेजारच्या खोलीत नवी बायको होती आणि तिच्याबरोबर तो सुखात होता. निवेदनातही त्याने तिचा उल्लेख भरभरून केला आहे. याचा अर्थ निवेदन खोटं आणि पत्रं खरी असा होत नाही. प्रेमपत्र लिहिणारा माणूसही स्वतःची एक मूर्ती घडवत असतो, आणि तो ज्याला शब्द वश आहेत असा कवी असेल तर अधिकच. मला एवढंच दिसतं की सत्तावीस वर्षांत हजारावर पत्रं केवळ भ्रमात लिहून होत नाहीत. आणि तिला कवितेची जाण नव्हती म्हणणारा माणूस कवितेतल्या ओळींचा अर्थ तिलाच का कळवत होता, याचं उत्तर निवेदनात नाही.

वाचायला मोकळी, छापायला बंद

2020 मध्ये प्रिन्स्टनला गेलेल्यांची अडचण अशी होती की एक किल्ली लागली होती, दुसरी नव्हती. कागद पाहायला मिळाला, पण शब्द एलियटच्या वारसांचे. अवतरणं छापायची सोय नाही. मग अभ्यासकांनी काय केलं? रोज वाचलेल्या पत्रांचा सारांश आपल्या शब्दांत लिहून प्रसिद्ध केला. हे चालतं, कारण कॉपीराइट मजकुराच्या मांडणीवर असतो, माहितीवर नसतो. एलियट अमुक दिवशी बर्न्ट नॉर्टनला गेला ही माहिती कुणाच्या मालकीची नाही. ते त्याने ज्या वाक्यात सांगितलं ते वाक्य त्याचं आहे.

सारांश किती जवळचा चालतो? इथे अमेरिकेतला 1987 चा एक निकाल नेहमी सांगितला जातो. जे. डी. सॅलिंजर या लेखकाची पत्रं, ज्यांना आली त्यांनी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना दिलेली होती. एका चरित्रकाराने ती रीतसर वाचली आणि पुस्तकात उद्धृत केली. सॅलिंजरने हरकत घेतल्यावर त्याने अवतरणं काढून शब्द इकडेतिकडे केले. न्यायालय म्हणालं, हेही मूळ मजकुराच्या फार जवळ आहे, पुस्तक असं काढता येणार नाही. चरित्रकारांमध्ये इतकी घबराट पसरली की 1992 मध्ये अमेरिकी कायद्यात दुरुस्ती करावी लागली : मजकूर अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने त्याचा वाजवी वापर (परवानगीशिवाय, मर्यादेत उद्धृत करणं) नाकारता येणार नाही. याच सॅलिंजरच्या 14 पत्रांचा 1999 साली लिलाव झाला आणि दीड लाख डॉलरहून जास्त किंमत आली. घेणाऱ्याने सांगितलं की मी ती लेखकाला परत करण्यासाठी घेतोय. कागद विकला गेला, शब्द जागचे हलले नाहीत.

एलियटच्या बाबतीत शब्दांची किल्ली दीर्घकाळ व्हॅलरीकडे होती. आपलं अधिकृत चरित्र लिहू देऊ नये, ही त्याची इच्छा तिने काटेकोर पाळली. 1984 मध्ये पीटर अ‍ॅक्रॉइडने चरित्र लिहिलं, पण अप्रकाशित पत्रांतला मजकूर उद्धृत करण्याची परवानगी त्याला नव्हती. कवीचं चरित्र, आणि कवीचे शब्द नाहीत. त्याहून विचित्र गोष्ट व्हिव्हिएनची. पहिल्या बायकोने आपल्या डायऱ्या आणि कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला ठेवले. 1984 साली त्या लिखाणाच्या कॉपीराइटवर व्हॅलरीने हक्क सांगितला. म्हणजे पहिल्या बायकोला काय सोसावं लागलं हे तिच्याच शब्दांत छापायचं तर विचारायचं दुसऱ्या बायकोला! कायद्याचं यात काही चुकलेलं नाही. हक्क ही मालमत्ता आहे आणि मालमत्ता वारशाने कुठेही पोहोचते.

व्हॅलरी 2012 मध्ये गेली. त्यानंतर वारसा सांभाळणाऱ्यांनी हात बराच सैल केला आणि जॉन हाफेंडन यांच्या संपादनाखाली एमिलीला लिहिलेली पत्रं टिपांसह संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. पण फुकट वाचू देणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. अमेरिकेत या पत्रांचा कॉपीराइट 2035 च्या अखेरीपर्यंत आहे.

मग भारतात कविता सुटल्या आणि पत्रं का नाहीत?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात दोन घड्याळं आहेत. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचं घड्याळ त्याच्या मृत्यूपासून चालू होतं. मृत्यूपर्यंत जे अप्रकाशित होतं त्याचं घड्याळ ते पहिल्यांदा प्रसिद्ध होईल तेव्हा चालू होतं, आणि मग तिथून 60 वर्षं. परदेशी लेखकाच्या बाबतीत त्याच्या मूळ देशात हक्क आधीच संपला असेल तर आपल्याकडे तो पुढे चालत नाही, एवढी त्याला वेसण. एलियटच्या कविता पहिल्या घड्याळावर होत्या. एमिलीची पत्रं दुसऱ्यावर आहेत आणि ते आत्ता कुठे चालू झालं आहे.

हे आपल्या घरातल्या ट्रंकेलाही लागू पडतं. समजा, तुमच्या आजोबांना एका नामवंत लेखकाची पत्रं येत असत आणि तो गठ्ठा तुमच्याकडे आहे. कागद तुमचा. संग्रहालयाला द्या, संशोधकाला दाखवा, कुणाची हरकत चालणार नाही. पुस्तक काढायचं तर लेखकाच्या वारसांची लेखी संमती घ्या. लेखकाला जाऊन पन्नास वर्षं झाली, आता कोण विचारतो, हा युक्तिवाद अप्रकाशित पत्रांना चालत नाही. कायद्यात एक खिडकी आहे : अप्रकाशित लिखाण लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात असेल आणि लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षं उलटून गेली असतील, तर अभ्यासासाठी किंवा प्रसिद्ध करण्याच्या हेतूनेही त्याची प्रत काढता येते. ट्रंकेतल्या गठ्ठ्याला ही सवलत नाही. जुनी पत्रं घरात वाळवीला घालण्यापेक्षा एखाद्या संस्थेकडे द्यावीत, याला वाळवीखेरीज हेही एक कारण आहे.

पण दुसऱ्याची खासगी पत्रं वाचावीतच का?

हा आक्षेप कायद्याचा नाही, सभ्यतेचा आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आपल्याकडे दुसऱ्याचं पाकीट फोडणं पाप समजतात. कवीची कविता वाचा, त्याच्या उशीखाली हात कशाला?

एलियटचंच मत असं होतं की कविता कवीच्या आयुष्यापासून अलग ठेवून वाचावी, आणि ते पटवून घेऊन वर्गावर्गांतून दोन पिढ्या तशा शिकल्या. पत्रं उघडल्यावर दिसलं की स्वतः तो एका वाचकाला मात्र आयुष्य कवितेशेजारी ठेवून वाचायला सांगत होता. यामुळे कविता वाईट ठरत नाही, पण त्या सिद्धान्ताकडे आता थोडं डोळे किलकिले करून पाहावं लागतं. कवीने स्वतःभोवती घातलेलं कुंपण, असाही त्याचा एक अर्थ निघतो.

शिवाय इथे पाकीट कुणी फोडलेलं नाही. ज्या बाईला ती आली तिने स्वतःच्या मर्जीने, मुदत घालून, ती खुली केली. न वाचण्याचा निर्णय घेतला तर एलियटच्या संकोचाला मान मिळतो आणि एमिलीच्या इच्छेला मिळत नाही. दोघांतल्या एकालाच सभ्यता दाखवणं हे मला तरी चुकीचं वाटतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचं काय?

नियम तोच. मित्राने तुम्हाला लिहिलेला लांबलचक मेसेज हे त्याचं लिखाण आहे. तो तुमच्या फोनवर आहे एवढ्याने तो छापायचा हक्क तुमचा होत नाही. ‘ओके, भेटू’ एवढ्यावर कुणी कॉपीराइट सांगणार नाही, त्याला काहीएक स्वतंत्र मांडणी लागते. पण चार परिच्छेदांचा ईमेल आणि बोटीने आलेलं पत्र यांत कायदा फरक करत नाही.

फरक पडला आहे तो कागदात. एलियटला एमिलीची पत्रं नष्ट करता आली, कारण प्रत एकच होती आणि ती त्याच्याकडे होती. तिच्याकडे नक्कल नव्हती. आज पाठवलेला ईमेल पाठवणाऱ्याकडेही राहतो. एमिली आत्ता असती तर तिचे शब्द तिच्या ‘सेंट’मध्ये पडून राहिले असते आणि एलियटला ते जाळता आले नसते. मात्र पासवर्ड तिच्याबरोबर गेला असता, तर प्रिन्स्टनलाही मिळाले नसते. लेखकांचे संगणक आणि ईमेल आता ग्रंथालयं खोक्यांसारखेच दान म्हणून घेतात, मुदतीच्या अटीसकट. त्यासाठी कुणीतरी हयातीत ते ठरवून, सही करून द्यावं लागतं. एमिलीने 1956 मध्ये केलं तसं.